हजेरी : गुरुवारची बैठक मोबाईलमध्ये आली तेव्हा

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडा नीट केलाय, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

हेडफोन लावलेत ना? तुम्ही एसटीत असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल. आज मी तुम्हाला एका मीटिंगची गोष्ट सांगणार आहे. थांबा, थांबा! मीटिंग म्हटल्यावर लगेच पुढचा एपिसोड लावू नका. ही ऑफिसची मीटिंग नाही. ही दर आठवड्याला भरणारी, पगार न देणारी, उलट खिशातले पैसे घालून जायची मीटिंग आहे. आणि तिच्यात एक शंभर वर्षांहून जुना प्रश्न दडलाय. तो प्रश्न मला कळला अकलूजमध्ये, मामांच्या मोबाईलवर.

"मामा, तुम्ही म्यूटवर आहात"

साल 2020. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होते. लॉकडाऊनच्या आदल्या आठवड्यात हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं आणि मी बॅग उचलून अकलूजला मामांकडे आले. वाटलं, पंधरा दिवस राहू आणि परत जाऊ. तुम्हालाही असंच वाटलं होतं ना?

मामांचं खतं-औषधांचं दुकान आहे. आणि गेली कित्येक वर्षं ते गावातल्या एका सेवा क्लबाचे सभासद आहेत. रोटरी, लायन्स, जायंट्स अशी नावं तुम्ही चौकातल्या फलकांवर वाचली असतील. पाणपोईवर, बसथांब्याच्या शेडवर, शाळेतल्या बाकावर रंगवलेली असतात. त्यातलाच एक. कुठला ते सांगत नाही, कारण ही गोष्ट एकाच क्लबाची नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी मामा पांढरा शर्ट इस्त्री करून घालायचे, खिशाला पिन लावायचे आणि निघायचे. मामी म्हणायची, "घरचं जेवण चुकलं तरी चालंल, पण ह्यांची गुरुवारची मीटिंग नाय चुकणार."

25 मार्चला देशभर लॉकडाऊन लागलं. मग पहिला गुरुवार आला. मामांनी अंघोळ केली, शर्ट घातला आणि ओसरीत नुसते बसून राहिले. दुसऱ्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी काकांचा फोन आला, "अहो, झूम म्हणून काहीतरी आलंय म्हणं. तुमच्या भाचीला विचारा की."

झालं! मी क्लबाची बिनपगारी टेक सपोर्ट झाले.

पहिली ऑनलाईन मीटिंग मी कधीच विसरणार नाही. अकरा चौकटी. त्यातल्या चारांत फक्त छताचा पंखा. एकात नुसता कान, कारण त्या काकांनी मोबाईल नेहमीसारखा कानाला लावला होता. अर्धा वेळ "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" यात गेला. अध्यक्षांनी कुणीतरी मोठं भाषण करावं तसा घसा साफ केला, बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात चाळीस मिनिटं संपली. फुकटचं झूम होतं ना! सगळे एकदम गायब. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, गेली कुठं सगळी?"

मग दुसरी लिंक काढली. सगळे परत आले. आणि सेक्रेटरी काकांनी काय करावं? त्यांनी वही उघडली आणि एकेक नाव घेऊन हजेरी घ्यायला सुरुवात केली.

मला हसू आलं. स्क्रीनवर सगळ्यांची नावं दिसतायत. मग हजेरी कशाला? शाळा आहे का ही?

आजचा एपिसोड म्हणजे माझ्या त्या हसण्याला मिळालेलं उत्तर आहे. त्यासाठी आधी आपल्याला बरंच लांब जावं लागेल. थेट शिकागोला.

खोली नंबर 711

पॉल हॅरिस नावाचा एक वकील होता. जन्म 1868 चा. लहानपण आजी-आजोबांकडे, व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड नावाच्या छोट्या गावात. तिथे सगळे सगळ्यांना ओळखायचे. 1896 मध्ये तो वकिली करायला शिकागोला आला. शहर प्रचंड मोठं. अशिलं होती, ओळखी होत्या, पण रविवार आला की बोलायला कुणी नाही. गावची आठवण काढत बसायचा.

ओळखीचं वाटतंय का? गाव सोडून पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेलेल्या कुणालाही विचारा. कॉट बेसिसवर राहणाऱ्याचा रविवार म्हणजे काय, ते तो सांगेल.

हॅरिसच्या डोक्यात विचार आला : शहरात माझ्यासारखे गावाकडून आलेले बरेच असतील. ते एकमेकांना भेटले तर? 23 फेब्रुवारी 1905, वार गुरुवार. शिकागोतली युनिटी बिल्डिंग, खोली नंबर 711. चार जण जमले. हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, गुस्टाव्हस लोअर खाण इंजिनियर आणि हायरम शोरी शिंपी. खोली लोअरच्या ऑफिसची होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या ऑफिसात, त्याच्या पुढची तिसऱ्याच्या. जागा फिरती, म्हणून नाव पडलं रोटरी.

हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. या क्लबाला सुरुवातीला स्वतःची जागाच नव्हती. जागा बदलत राहणं हेच त्याच्या नावात आहे.

आणखी एक गंमत. सुरुवातीला यात समाजसेवा वगैरे काही नव्हती. मैत्री होती आणि खरं सांगायचं तर धंदाही होता. एका व्यवसायाचा एकच सभासद, म्हणजे आपसात स्पर्धा नाही आणि गिऱ्हाईक मात्र एकमेकांकडे पाठवायचं. सेवा नंतर आली. पहिलं मोठं काम कुठलं माहितीये? 1907 मध्ये शिकागोत सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून त्यांनी पाठपुरावा सुरू केला. पुढे जगभर पसरलेल्या या सगळ्या सेवेची सुरुवात अशी संडासापासून झाली. आपल्याकडे एसटी स्टँडवर उतरल्यावर ज्या गोष्टीची सगळ्यात आधी आठवण होते, तीच ती.

सलग चार वेळा चुकलात तर

आता आठवड्याचा मुद्दा. शिकागोतले लोक आधी पंधरवड्याने भेटायचे. दर आठवड्याला भेटायची पद्धत ओकलंडच्या, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या क्लबाने पाडली, असं रोटरीच्या इतिहासात सांगतात. ती पद्धत सगळीकडे गेली आणि तिच्याबरोबर हजेरीचे नियम आले.

नियम कडक होते बरं का. योग्य कारण नसताना सलग चार बैठका चुकवल्या तर सभासदत्व जाऊ शकायचं. सहा महिन्यांतल्या निम्म्या तरी बैठकांना हजेरी पाहिजे. पण त्यात एक सवलत होती, तिला म्हणायचे मेकअप. तोंडाला लावायचा नाही! तुमची बैठक चुकली, तर त्याच्या आधी किंवा नंतरच्या चौदा दिवसांत दुसऱ्या कुठल्याही गावच्या क्लबात जाऊन बसा, ती हजेरी धरली जाईल. म्हणजे सोलापूरचा माणूस कामासाठी टोकियोला गेला, तिथल्या क्लबात जाऊन बसला, तर त्याची सोलापूरची हजेरी भरली.

आज आपण याला काय म्हणू? दुसऱ्याच्या वायफायवरून लॉगिन!

मग प्रश्न पडतो : हजेरीचं एवढं कौतुक कशाला? पैसे द्या, काम करा, घरी जा. बैठक कशाला पाहिजे?

याचं उत्तर मला शिकागोपेक्षा अकलूजमध्ये जास्त चांगलं मिळालं.

वारी आणि वार

अकलूज. माळशिरस तालुका, नीरा नदीचा काठ. नदीकाठी किल्ला. औरंगजेबाची छावणी इथे पडली होती आणि मुघलांनी गावाचं नाव बदलून असदनगर केलं होतं. ते नाव गेलं, अकलूज राहिलं.

दरवर्षी आषाढात तुकाराम महाराजांची पालखी इथून जाते. सराटीला मुक्काम, सकाळी पादुकांना नीरा स्नान, मग अकलूजला सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण. पुढे माळीनगरला उभं रिंगण. रिंगणात अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक कशी झेप घेतात, ते एकदा पाहाच.

आता शब्द बघा. वारी. म्हणजे पुन्हा पुन्हा, ठरल्या वेळी जाणं. एकदा गेलात तर ती यात्रा झाली. नेमाने जाता तेव्हा तुम्ही वारकरी होता. आणि दिंडीत काय असतं? आपल्या जागेवरचा माणूस दिसला नाही तर शेजारचा विचारतो, "माऊली, आपले ते आज कुठे राहिले?" कुणीतरी मागे जातो. पाय सुजलेला असतो, झाडाखाली बसलेला असतो. त्याला पाणी देतात, तळव्याला तेल लावतात, टेम्पोत बसवतात. नियम कुठे लिहिलेला नाही. पण रोज तोच माणूस शेजारी दिसत असतो, म्हणून तो नसलेला कळतो.

हजेरीचा अर्थ हाच आहे. तुम्ही आलात याची नोंद हा तिचा छोटा भाग. तुम्ही आला नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात येणं, हा मोठा भाग.

या भागाला एकत्र जमायची सवय दुसऱ्याही कारणाने होती. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला. सासवडच्या माळी समाजातल्या शेतकऱ्यांनी इथे येऊन 1932 मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर उभा केलेला कारखाना! माळीनगर हे गाव त्यातूनच वसलं. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने यशवंतनगरला सहकारी कारखाना झाला. कारखाना आला की मागोमाग डॉक्टर येतात, इंजिनियर येतात, वकील, बँकवाले, ट्रॅक्टरचे डीलर, कॉलेजचे प्राध्यापक येतात. प्रत्येक धंद्यातला एकेक माणूस. सेवा क्लबाला नेमके हेच लागतात.

भारतात रोटरी 1919 मध्ये कलकत्त्याला सुरू झाली. सुरुवातीला गोऱ्या साहेबांचाच भरणा. मुंबईत क्लब झाला 1929 मध्ये, पुण्यात 1936 मध्ये. 1962-63 साली तर कलकत्त्याचे नितीश लाहारी जागतिक अध्यक्ष झाले. लायन्स ही 1917 ची, तीही शिकागोतच उगवलेली. ती 1956 मध्ये मुंबईत आली. जायंट्स तर आपल्या मुंबईचीच, नाना चुडासामांनी 1972 मध्ये काढली. मग हळूहळू जिल्ह्याच्या गावांतून तालुक्याच्या गावांत हे फलक पोहोचले. नेत्र तपासणी, रक्तदान, वह्यावाटप. आणि पोलिओ. रोटरीने 1985 मध्ये जग पोलिओमुक्त करण्याचा विडा उचलला. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात आढळलेला रुग्ण हा देशातला रानटी पोलिओचा शेवटचा ठरला आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते दोन थेंब घेतलेत. त्या बूथवर अंगणवाडीताई होत्या, आशाताई होत्या, आरोग्यसेवक होते, आणि बऱ्याच ठिकाणी चहा-नाश्ता, मंडप, रिक्षावरचा भोंगा यांची सोय बघणारा क्लबातला एखादा काकाही होता.

वहीत कुणाचं नाव नव्हतं

पण थांबा. कौतुक पुरे. वहीत नाव असणाऱ्यांची गोष्ट झाली. वहीत ज्यांचं नावच नव्हतं, त्यांचं काय?

बायकांचं. रोटरीत स्त्रियांना सभासद होता येत नव्हतं. सभासदाची बायको म्हणजे अ‍ॅन. कार्यक्रमाला यायची, रांगोळी काढायची, पाहुण्यांना ओवाळायची, फोटोत कडेला उभी राहायची. 1924 मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटरियनांच्या बायकांसाठी इनर व्हील हा वेगळा क्लब काढला. पण मुख्य वहीत नाव नाहीच.

1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते नावाच्या छोट्या गावातल्या क्लबाने तीन बायकांना सभासद करून घेतलं. वरून हुकूम आला, क्लबाची मान्यता रद्द. ते गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. 4 मे 1987 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रियांना असं बाहेर ठेवता येणार नाही. 1989 मध्ये रोटरीने नियमच बदलला. म्हणजे 1905 पासून मोजलं तर चौऱ्याऐंशी वर्षं लागली.

नियम बदलला तरी घड्याळ कुठे बदललं होतं? तालुक्याच्या गावात मीटिंग रात्री साडेआठला. त्या वेळी बाईच्या हातात पोळपाट-लाटणं असतं. नाव वहीत आलं, तरी हजेरी कोरी राहायची.

हे मी का सांगतेय? कारण 2020 मध्ये मामांच्या क्लबात एक गोष्ट घडली, तिचा संबंध इथे आहे.

ऑनलाईन हे कोरोनाने आणलं नाही

आपल्याला वाटतं की ऑनलाईन बैठक म्हणजे कोरोनातली मजबुरी. तसं नाहीये. इंटरनेटवरचा पहिला रोटरी क्लब अमेरिकेत 2002 मध्येच सुरू झाला होता. त्या वेळी आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मेल बघायचे दिवस होते! ई-क्लब म्हणायचे त्याला. वेबसाईटवर त्या आठवड्याचा विषय टाकलेला असायचा, सभासद आपापल्या वेळेला येऊन वाचायचे, लिहायचे आणि हजेरी लागायची. काही वर्षं प्रयोग करून 2010 मध्ये ई-क्लबांना कायमची मान्यता मिळाली. 2016 मध्ये तर नियम आणखी सैल झाले. क्लबांनी किती वेळा भेटायचं, समोरासमोर भेटायचं की ऑनलाईन, हे बरंचसं त्यांनीच ठरवायचं. महिन्यातून निदान दोनदा भेटा म्हणजे झालं.

पण नियम असणं वेगळं आणि अकलूजच्या काकांनी झूम उघडणं वेगळं. ते करायला लॉकडाऊनच लागलं.

मग गुरुवारचा एक नवा क्रम बसला. सकाळी मी ग्रुपवर लिंक टाकायची. दुपारी तिघांचे फोन, "बाळा, लिंक उघडंना." संध्याकाळी सात वाजता मामा शर्ट घालणार. खाली लुंगी, वर इस्त्रीचा शर्ट आणि पिन! साडेआठला अध्यक्ष घंटा वाजवणार. खरी घंटा हॉलच्या कपाटात कुलपात अडकलेली, म्हणून स्टीलच्या वाटीवर चमच्याने ठण्ण करायचे. मग राष्ट्रगीत. तेव्हा प्रत्येकाचा आवाज मागेपुढे व्हायचा, म्हणून एकानेच म्हणायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून उभं राहायचं असं ठरलं. मग हजेरी. मग वाढदिवस. मग कुणीतरी डॉक्टर माहिती देणार. मग कामाचं : कुठल्या वस्तीवर किराणा पोहोचवायचा, मास्क कुठे शिवायला टाकायचे.

आणि दोन-तीन आठवड्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बायकांच्या चौकटी वाढल्या. ज्या ताईंचं नाव वर्षानुवर्षं वहीत होतं पण त्या क्वचितच यायच्या, त्या आता दर गुरुवारी होत्या. एक डॉक्टर मॅडम कणीक मळता मळता बोलायच्या. दुसऱ्या एकीने सांगितलं, "रात्री घराबाहेर पडायचं नाय, म्हणून तर येता येतंय मला." मामी दाराशी उभी राहून सगळं ऐकायची. एका गुरुवारी किराण्याच्या यादीवरून वाद चालला होता. मामी सरळ मोबाईलसमोर आली आणि म्हणाली, "अहो, डाळ दोन किलो आणि तेल अर्धा लिटर? डाळीला फोडणी कशाची देणार, पाण्याची?" यादी बदलली. त्या दिवशी पहिल्यांदा मीटिंगच्या इतिवृत्तात मामीचं नाव लिहिलं गेलं.

1 जुलै 2020. ही तारीख बघा. रोटरी, लायन्स अशा क्लबांचं नवीन वर्ष 1 जुलैला सुरू होतं. अध्यक्ष एकाच वर्षाचा. 1 जुलैला जुना उतरतो, नवा बसतो. (आपल्याकडे खुर्चीवरून इतक्या सहज उतरणारी माणसं बघायला मिळणं हेही काही कमी नाही.) आणि त्या वर्षी आषाढी एकादशीही नेमकी 1 जुलैलाच आली होती. पायी वारी रद्द. आदल्या दिवशी तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. माने विद्यालयाचं मैदान रिकामं. अकलूजला त्या वर्षी रिंगण झालं नाही.

संध्याकाळी पदग्रहण झूमवर. नव्या अध्यक्षांना कॉलर कोण घालणार? त्यांच्या मुलीने घातली. टाळ्या म्हणून सगळ्यांनी स्क्रीनवरचा पिवळा हात दाबला. समारंभ संपल्यावर कुणीच मीटिंग सोडेना. मग एक काका हळूच म्हणाले, "आज गावातनं पालखी गेलेली नसताना आलेली पहिली एकादशी बघितली." कुणी काही बोललं नाही. चौकटी तशाच होत्या, बराच वेळ.

सर दिसेनात

आता माझ्या त्या हसण्याचं उत्तर.

ऑगस्टमधली गोष्ट. हजेरी चालू होती. एक नाव आलं, निवृत्त शिक्षक होते, आपण त्यांना नुसतं सर म्हणू. उत्तर नाही. सेक्रेटरी काकांनी पुन्हा नाव घेतलं. शांतता. मग त्यांनी वहीची मागची पानं चाळली आणि म्हणाले, "सर मागच्या गुरुवारीबी नव्हते. त्याच्या आधीबी नाय."

झूमची यादी हे सांगत नाही बरं का. झूम फक्त आलेल्यांची नावं दाखवतं. न आलेल्याची रिकामी जागा फक्त वहीत दिसते.

सरांची बायको गेलेली, मुलगा परदेशात. मामांनी फोन लावला, बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि मी, मास्क लावून त्यांच्या दारात. कडी वाजवली. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू.

दार उघडलं. सर होते. धडधाकट, फक्त दाढी वाढलेली.

मामा म्हणाले, "सर, येऊ का आत? गुरुवारी दिसला नाहीत."

सर आधी म्हणाले, "बरं नव्हतं जरा." मग माझ्याकडे बघितलं आणि आतून मोबाईल आणला. स्क्रीन फुटलेली, बॅटरी गेलेली. दुरुस्तीची दुकानं सुरू झाली होती, पण ते गेले नव्हते. का? थोडं थांबून त्यांनी सांगितलं. बिघडायच्या आधीच्या मीटिंगला त्यांना आवाज सुरू करता येत नव्हता. सगळे "सर, म्यूट काढा, म्यूट काढा" म्हणत होते. ते बटण शोधत राहिले आणि विषय पुढे गेला. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं," ते म्हणाले, "आणि पोरासोरांसारखं सगळ्यांसमोर... जाऊ द्या. म्हटलं, आता हे आपलं नाही."

त्या 'म्यूट काढा' म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता.

मामांचा जुना फोन घरात पडून होता. तो आणला. मी तासभर बसले आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं : पहिलं हे दाबा, मग हे. सर विद्यार्थ्यासारखे शेजारी बसले. पुढच्या गुरुवारी हजेरीत त्यांचं नाव आलं. थोडी खुडबुड झाली. आणि मग खणखणीत वर्गातला आवाज आला, "हजर!"

त्यानंतर क्लबात एक नियम झाला. दोन गुरुवार जो दिसणार नाही, त्याच्या दारात तिसऱ्या गुरुवारच्या आत कुणीतरी जायचं. फोन करून भागवायचं नाही.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या लाटेत, हा नियम किती कामाला आला ते मी पुण्यात बसून बघितलं. मीटिंग आता आठवड्याची उरली नव्हती, रोज रात्री दहा मिनिटांची झाली होती. कुणाच्या घरात ताप, कुणाला बेड पाहिजे, कुणाचा डबा. आधी हजेरी, मग बाकीचं. कारण हजेरीत उत्तर आलं नाही म्हणजे त्याच घरात काहीतरी झालंय, हे आता सगळ्यांना माहीत होतं.

मेमध्ये एका रात्री सेक्रेटरी काका सवयीने नावं वाचत गेले आणि एक नाव वाचलं. ते काका दोन दिवसांपूर्वीच गेले होते. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान होतं त्यांचं. पहिल्या मीटिंगला फोन कानाला लावून बसलेले, ते तेच.

सगळे म्यूटवर होते. कुणीच म्यूट काढला नाही. मग सरांचा आवाज आला, "लिहा. हजर."

काकांनी तसं लिहिलं. ती वही मी नंतर बघितलीये.

मग आता?

2022 मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. माने विद्यालयावर रिंगण झालं, मातीसाठी तीच झुंबड. क्लबाची मीटिंगही हॉलमध्ये परतली. कपाटातली खरी घंटा बाहेर आली. वाटी परत स्वयंपाकघरात गेली.

पण सगळं पहिल्यासारखं झालं नाही. महिन्यातली एक बैठक अजून ऑनलाईनच असते. ती ताईंनी मागून घेतली. कारण हॉलमधली मीटिंग परत रात्री साडेआठला सुरू झाली आणि परत त्यांच्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. या वेळी मात्र ते लक्षात आलं. 'बायकांना आवड नाही' असं म्हणून कुणी सोडून दिलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. खोली नंबर 711 असो, हॉल असो की झूमची चौकट, बैठकीची जागा पहिल्यापासून फिरतीच होती. ऑनलाईन आलं म्हणून ती खोटी होत नाही आणि हॉलमध्ये भरली म्हणून आपोआप खरी होत नाही. ती खरी आहे की नाही, हे एकाच प्रश्नावर ठरतं : तुम्ही आला नाहीत तर कुणाला कळेल का? आणि कळल्यावर कुणी उठून दारात येईल का?

तुमच्या फोनमध्ये आत्ता किती ग्रुप आहेत? शाळेचा, कॉलेजचा, सोसायटीचा, क्रिकेटचा. त्यात असं कुणी आहे का, जो पूर्वी रोज काहीतरी टाकायचा आणि गेले काही आठवडे गप्प आहे? ग्रुप तुम्हाला ते सांगणार नाही. ग्रुप फक्त बोलणाऱ्यांचं दाखवतो.

एपिसोड संपला की त्याला फोन करा. जवळ राहत असेल तर सरळ जा. आणि म्यूट काढायला सांगणार असाल, तर जरा शेजारी बसून सांगा.

मामांना कालच हा एपिसोड वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं लिहिलंयस. पण गुरुवारी लिंक टाकायला विसरू नको."

भेटू पुढच्या आठवड्यात. हजर राहा.